सायकलच्या हँडलवर कॅमेरा बसवायचाय? घरच्या घरी असा बनवा माउंट

सायकलवरून दिसणारा घाटरस्ता व्हिडिओत टिपायचा, तर कॅमेरा हँडलवर घट्ट बसायला हवा. यासाठी महागडा माउंटच लागतो असं नाही. जुन्या दिव्याचा किंवा रिफ्लेक्टरचा धातूचा क्लॅम्प, एक बोल्ट, दोन नट, वॉशर आणि पंक्चर ट्यूबचा तुकडा एवढ्यात काम होतं.

बोल्ट कोणता घ्यायचा?

बहुतेक कॅमेऱ्यांच्या तळाला ट्रायपॉडसाठी आटे असलेलं छिद्र असतं. त्याचं माप ठरलेलं आहे: पाव इंच व्यास आणि एका इंचात 20 आटे. हार्डवेअरच्या दुकानात 'दोन सुती' बोल्ट मागा. 6 मिमीचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याचे आटे जुळत नाहीत. तो जबरदस्तीने फिरवलात तर कॅमेऱ्याचे आटे खराब होतील.

जोडायचं कसं?

हँडलवर आधी ट्यूबचा तुकडा गुंडाळा, म्हणजे क्लॅम्प घसरणार नाही. हँडलची जाडी टोकाला साधारण 22.2 मिमी असते, तर मधोमध 25.4 किंवा 31.8 मिमी. त्यामुळे क्लॅम्प घेण्याआधी जागा मोजा. शक्यतो मध्यभागच निवडा, तिथे हादरे कमी बसतात.

बोल्ट क्लॅम्पच्या छिद्रातून खालून वर घाला आणि पहिल्या नटने आवळा. त्यावर दुसरा नट आणि वॉशर ठेवा. आता कॅमेरा साधारण चार फेरेच फिरवा. तेवढ्यात बोल्ट 5 मिमी आत जातो. त्याहून खोल गेला तर छिद्राचा तळ फुटू शकतो. कॅमेरा समोर वळवून दुसरा नट वॉशरसह त्याच्या तळाला टेकवून आवळा.

व्हिडिओ थरथरतो का?

बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एकेक ओळ करून वाचतो. त्यामुळे हादऱ्यांत चित्र जेलीसारखं हलतं. कॅमेरा हँडलच्या जितका जवळ, तितका हा त्रास कमी. मोटारसायकलवर मात्र हा माउंट फोनसाठी वापरू नका. इंजिनच्या तीव्र कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलनेच 2021 मध्ये दिला होता.

निघण्यापूर्वी

कॅमेरा सुटून पुढच्या चाकात अडकला, तर नुकसान फक्त कॅमेऱ्याचं होणार नाही, तुम्हीही पडाल. म्हणून तो आखूड, मजबूत दोरीने हँडलला वेगळा बांधा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकच्या केबल अडकत नाहीत ना, ते पाहा. दहा मिनिटं गल्लीत चालवा, थांबा आणि नट पुन्हा आवळा. मगच घाटाकडे निघा.