होडीवरच्या गड्याला विचारलं का?



मागच्या आठवड्यात संस्थेच्या ऑफिसात लाइफ जॅकेटवरून बरीच वादावादी झाली. खासबागच्या रविवारच्या बाजारात तिची चर्चा पोचली आणि एकाचं दोन करून सांगितलं गेलं. म्हणून आम्हीच लिहितोय.

झालं असं. नवीन जॅकेटं घ्यायचा विषय निघाला, तेव्हा एक होडीमालक म्हणाले की जुनी तीस जॅकेटं गोदामात धूळ खात पडलीत, आधी ती वापरा, मग नवीन मागा. बोलणं बरोबरच वाटलं. पण मागं दाराशी उभा असलेला जाळं ओढणारा एक पोरगा म्हणाला, "अण्णा, ती घालून तुम्ही एकदा जाळं ओढून दाखवा." थोडं हसू झालं, थोडा राग झाला. मग एकानं गोदामातून जॅकेट आणलं आणि त्या पोराला घातलं. होडीच्या काठावर वाकून जाळं ओढतात तसा तो टेबलावर वाकला. पुढचा जाड फोम वर सरकून त्याच्या हनुवटीला लागला. मान खाली जाईना. पोटावरचं प्लास्टिकचं बक्कल टेबलावर पसरलेल्या जाळ्यात लगेच अडकलं. सगळे गप्प.

ती जॅकेटं तीन वर्षांपूर्वी आम्हीच घेतली होती. दर बघितला, रंग बघितला, बिल केलं, वाटप करताना फोटो काढला. पाण्यावर जाणाऱ्या एकाही गड्याला "घालून बघ रे" म्हटलं नाही. चूक आमची आहे. दुकानदाराची नाही आणि न घालणाऱ्या पोरांची तर अजिबात नाही. तीन वर्षं आम्ही त्यांनाच बोलत होतो, "जिवाची काळजी नाही तुम्हाला."

हे नुसत्या जॅकेटाचं गाऱ्हाणं असतं तर इतकं लिहिलं नसतं. पण कामाच्या जागी जीव कसा सांभाळायचा, हे ठरवताना काम करणाऱ्याला विचारलं पाहिजे, हा त्याचा हक्क आहे आणि तो कायद्यात आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नाही. आम्हालाही नीट माहीत नव्हतं, वाचून काढलं.

आपल्या देशात हा हक्क कायद्यात आला तो फार मोठी किंमत मोजून. 1984 च्या डिसेंबरात, 2 आणि 3 तारखेच्या मधल्या रात्री भोपाळला वायू फुटला. त्याआधी तीन वर्षं, 1981 च्या डिसेंबरात, त्याच कारखान्यात विषारी वायूनं एका कामगाराचा जीव गेला होता. युनियनवाल्यांनी तेव्हापासून धोक्याची ओरड केली होती, पण ती कुणी मनावर घेतली नाही. दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या कारखान्यात सुरक्षा समिती असावी, तिच्यात मालकाची जितकी माणसं तितकीच कामगारांची असावीत, आणि जीवघेणा धोका दिसला तर तसा इशारा देण्याचा कामगाराला हक्क असावा, असं त्यात लिहिलं.

आता हा जुना कायदा आणि त्याच्यासारखे आणखी बारा, असे तेरा कायदे एकत्र करून 2020 मध्ये नवीन संहिता झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू आहे. आपल्या घरातली पोरं उद्यमबागच्या फौंड्रीत, वर्कशॉपात जातात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला आहे. जिवावर बेतेल असं वाटलं तर मालकाला सांगता येतं आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवता येतं. सरकारनं सुरक्षा समिती करायला सांगितली, तर तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी चालत नाहीत.

पण संहिता मुख्यतः दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागेला लागू होते. आपल्या होडीवर तीन नाहीतर चार गडी. खासबागेतल्या चार मागांच्या कारखान्यातही दोन-तीनच माणसं असतात. यंत्रमागावर जन्म काढलेली आपल्या गल्लीतली माणसं मोठ्यानं का बोलतात, याचा कधी विचार केलाय? त्यांना कमी ऐकू येतं. कानाचं काय करायचं, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि कायदाही दारातूनच परत गेला.

मग लहान जागी काय करायचं? निपाणीचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. आपल्या कितीतरी आत्या-मावश्या तिकडं दिलेल्या आहेत. तंबाखूच्या वखारीतून संध्याकाळी बाहेर पडलेल्या बाईजवळ बसलं तरी शिंका यायच्या, इतका खकाणा लुगड्यात भरलेला असायचा. 1980 च्या आसपास या बायका संघटित झाल्या, संपावर गेल्या. 'युगांतर' नावाच्या बायकांच्या गटानं त्या वेळी त्यांच्यावर एक माहितीपट केला. त्यात कुणी साहेब उभा राहून त्यांची हकिकत सांगत नाही. त्या बायकाच आपलं काम आणि आपली संघटना मांडतात. खकाणा छातीत कसा बसतो, हे वखारीच्या मालकाला हिशेबाच्या वहीतून कळणार नव्हतं. ते बाईच सांगणार.

आता पाण्यावरचं बोलू. 17 मे 2021, तौक्ते वादळ. मुंबईपासून लांब समुद्रात तेलाच्या विहिरींच्या भागात पी-305 नावाचा बार्ज उभा होता. त्यावर 261 माणसं होती: वेल्डर, फिटर, स्वयंपाकी, बहुतेक सगळी कंत्राटावरची. वादळात नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन तेलाच्या फलाटाला धडकला, भोक पडलं आणि त्या दिवशी संध्याकाळी बुडाला. तो बार्ज आणि वरप्रदा नावाची टग, दोन्हींवरची मिळून 86 माणसं गेली. वाचलेल्या मुख्य इंजिनिअरनं तेव्हा पत्रकारांना सांगितलं की इशारा आधीच आला होता, इतर जहाजं निघून गेली होती, आपणही बंदरात जाऊ असं त्यानं कप्तानाला म्हटलं होतं, पण ऐकलं गेलं नाही. जीव वाचवायचे तराफे बरेचसे पंक्चर होते, असंही तो म्हणाला.

मुख्य इंजिनिअरचं म्हणणं जिथं चाललं नाही, तिथं स्वयंपाक्याला कोण विचारणार? त्या 261 जणांनी वादळात थांबायचं की जायचं हे ठरवलं नव्हतं. पाण्यात मात्र तेच पडले.

आपल्याकडं एवढं मोठं काही नाही, देवाची कृपा. पण गेल्या उन्हाळ्यात हिडकलच्या पाण्यावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. वळवाचे दिवस, दुपारी पश्चिमेकडून काळं भरून आलं. होडीवरच्या सगळ्यात लहान पोरानं "फिरूया" म्हटलं. मालक काठावरही नव्हते, घरी होते. फोन लावला तर उत्तर आलं, "एवढं जाळं काढा आणि या." वाऱ्यानं होडी उलटली. तिघंही पोहून एका वाळल्या झाडाच्या खोडाला धरून राहिले म्हणून वाचले. जाळं गेलं. मालक आपल्यातलेच आहेत, नाव घेत नाही. त्यांनी नंतर पोरांच्या घरी जाऊन माफी मागितली, हेही सांगितलं पाहिजे. आकाश दिसत नव्हतं त्या माणसानं निर्णय घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

यावर मालकांचं म्हणणं आम्ही ऐकलंय आणि ते खोटं नाही. "गड्याला विचारत बसलो तर रोज एक कारण निघेल. आज ढग, उद्या वारा. ठेक्याचे पैसे कोण भरणार?" तर विचारणं म्हणजे गड्यानं हुकूम सोडणं नव्हे. त्याला माहिती द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि समोर जीवघेणा धोका असताना त्यानं पाऊल मागं घेतलं तर त्याला शिक्षा करायची नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1981 च्या करारात नेमकं हेच आहे. मासेमारीसाठी तिचा 2007 चा वेगळा करार आहे. त्यात असं म्हटलंय की होडी आणि माणसं सुरक्षित राखण्यासाठी तांडेलाला जो निर्णय घ्यावा लागेल, त्यात मालकानं आडवं येऊ नये. भारतानं या दोन्ही करारांना मान्यता दिलेली नाही. पण चांगली गोष्ट घ्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती आपल्या वाट्याच्या पद्धतीत आहे. होडी रिकामी परत आली तर गड्याला वाटा नाही, वर टेम्पोभाडं सगळ्यांत वाटून कापतात. मग नको म्हणणाऱ्याचाच खिसा रिकामा. पोरगं घाबरलेलं असलं तरी तोंड उघडत नाही, ते पैशासाठी. नुसतं "बोला, आम्ही ऐकतो" म्हणून भागणार नाही. हवामान बघून परत फिरलेल्या दिवसाचं भाडं गड्याच्या वाट्यातून कापू नये, असं आमचं मत आहे. काही मालकांना हे पटलेलं नाही. बैठकीत त्यांनी जरूर बोलावं.

दुसरी गोष्ट. आपली संस्था सहकारी आहे, एक सभासद एक मत. पण होडीवरचे निम्मे गडी सभासदच नाहीत. बाजारात पहाटेपासून ओल्या फरशीवर उभं राहून कटला, चिलापी कापणाऱ्या आपल्या बायकाही नाहीत. बर्फानं सुन्न झालेली बोटं आणि कोयत्याचे घाव त्यांच्या हाताला. हातमोजे कसले घ्यायचे ते मात्र आम्ही ठरवणार! मागच्या वेळी घेतलेले रबरी हातमोजे ओल्या माशावरून सटकतात, हे एका मावशींनी आम्हाला परवा सांगितलं. किती दिवस झाले म्हणून विचारलं, तर "पहिल्या दिवसापासून" म्हणाल्या.

तर आता ठरलंय ते असं. ऑफिसात नमुन्याची तीन जॅकेटं आली आहेत. एक पातळ फोमचं, एक बाजूला बक्कल असलेलं, एक हवेनं फुगणारं. फुगणारं अंगाला हलकं आहे, आम्हाला तेच आवडलं होतं. पण बघायला आलेल्या एका गड्यानं हात लावून विचारलं, "मागुराचा काटा घुसला तर?" त्याचं उत्तर दुकानातल्या माणसाकडंही नव्हतं. म्हणून तिन्ही जॅकेटं आठ दिवस पाण्यावर जातील, जाळं ओढणारेच ती वापरतील. खरेदीच्या बैठकीला जाळं ओढणारे दोघे आणि मासे विकणाऱ्या दोघी, सभासद असोत नसोत, समितीच्या बरोबरीनं बसतील आणि त्यांच्या सहीशिवाय बिल निघणार नाही. हातमोज्यांचंही तसंच. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप कुणाच्या फोनवर ठेवायचं, काठावरच्या की होडीवरच्या, हेही त्याच दिवशी.

बैठक येत्या रविवारी बाजार उठल्यावर, संस्थेच्या ऑफिसात. मालकांनी येताना आपल्या गड्यांना बरोबर आणावं. जुन्या तीस जॅकेटांचं काय करायचं, तेही त्यांनाच विचारू.