कथा आधी, खेळणी मागाहून

बालनाट्याबरोबर चित्रपुस्तके व खेळणीही विकावीत, असा बेत कोणी सांगितला की आम्हांस अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉम आठवतात. डेन्स्लो यांच्या चित्रांनी नटलेली त्यांची ‘ऑझ’ची कथा १९०० साली निघाली, मुलांच्या मनात ती रुजल्यावर १९०२ साली शिकागोत तिचे संगीत नाटक आले आणि गाजले. मात्र उत्पन्नाच्या वाटणीवरून लेखक व चित्रकार दुरावले.

पुढील पुस्तकातील एका किड्याला नायक करून बॉम यांनी ‘द वॉगल-बग’ हे नाटक रचले. १९०५ या एकाच वर्षी नाटक, चित्रपुस्तक व कोड्यांचा खेळ बाजारात आले. नाटक महिन्याभरात बंद पडले.

तात्पर्य, वाटणीचा करार प्रथम कागदावर उतरावा. आणि कथा मुलांच्या तोंडी बसण्यापूर्वी खेळण्यांच्या मागे लागू नये.