कोळशाची आच

कोळसा म्हणजे जळण, अशी आपली समजूत. पण ठाणे-डोंबिवलीच्या घरांत पाणी गाळण्याच्या यंत्रातही तोच असतो, आणि शेतजमीन सुधारण्यासाठीही तो वापरतात. मग दोन्हीकडे एकच कोळसा चालेल काय? नाही. त्याचा गुण लाकडावर जसा, तसाच आचेवर अवलंबून असतो.

भट्टीत लाकूड रचून, वर माती लिंपून हवा कोंडतात. आच ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास राहिली, तर डांबरासारखा अंश छिद्रांत अडकून राहतो; पण पृष्ठभागावर प्राणवायूयुक्त गट टिकतात. हे जणू बारीक आकडेच. खतातला अमोनिया ते धरून ठेवतात. आच ६०० अंशांपुढे गेली की डांबर उडते, छिद्रे मोकळी होतात आणि एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग दोन-तीन गुंठेही भरू शकतो. मात्र ते आकडे बहुतेक झडतात. असा कोळसा पाण्यातला रंग व वास पकडतो. ८०० ते ९०० अंशांवर वाफ दिली, तर तेच क्षेत्र दहा गुंठ्यांपर्यंत जाते.

धूर आधी पांढरा, मग पिवळसर, शेवटी विरळ निळा झाला की भट्टी उतरली, हे पिढ्यान्पिढ्या भट्टीवर राबलेला कातकरी उष्णतामापकावाचून ओळखतो. उचलीपायी राबणाऱ्या त्या माणसाच्या ज्ञानाला मान मात्र मिळाला नाही. यापुढे कोळसा घेताना ‘किती आचेचा?’ असे विचारावे, आणि ते सांगू शकणाऱ्याचा मान राखावा.