विषाणूच्या नोंदीवर तांबडी शाई

‘विषाणू स्वतःची प्रथिनं तयार करतो आणि त्यांच्या जोरावर पेशीत शिरतो.’ समजा, ठाण्याच्या बांदोडकर किंवा कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयातली एखादी विद्यार्थिनी विश्वकोशासाठी ‘विषाणूंची प्रथिने’ ही नोंद लिहायला बसली आणि तिचं पहिलं वाक्य हे असं उतरलं. परीक्षेत याला गुण मिळून जातील. नोंद तपासणारा मात्र पहिल्याच ओळीत अडणार. प्रथिनं बांधायला रायबोसोम लागतात आणि विषाणूकडे ते नसतात. त्याच्याजवळ असतो फक्त आराखडा. बांधकाम करतात आपल्याच पेशी, आपलाच कच्चा माल आणि आपलीच ऊर्जा खर्चून!

पुढची ओळ असेल, ‘प्रत्येक प्रथिन वेगवेगळं तयार होतं.’ इथेही तांबडी रेघ. पोलिओच्या विषाणूचा आराखडा जेमतेम साडेसात हजार अक्षरांचा असतो आणि त्यावरून पेशी एकच लांबलचक प्रथिन विणते. मग ऊस पेरापेरावर तोडावा तसे त्याचे नेमक्या जागी तुकडे पडतात आणि कामाची प्रथिनं सुटी होतात. गंमत म्हणजे तोडणारा कोयताही त्याच लांब प्रथिनाचा भाग असतो. एचआयव्हीतही असाच कोयता आहे. तो बोथट करणारी औषधं १९९५ च्या अखेरीपासून वापरात आली आणि एड्सच्या उपचारांचं चित्र पालटलं.

असल्या दुरुस्त्या फक्त विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात असं नाही. अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ साली तंबाखूच्या रोगट पानांच्या रसातून विषाणूचे स्फटिक मिळवले. जिवंत म्हणावं अशी गोष्ट मिठासारखी स्फटिकरूपात बाटलीत भरून ठेवता येते, हे वाचून जग चक्रावलं. हा विषाणू म्हणजे निव्वळ प्रथिन आहे, असा स्टॅन्ली यांचा निष्कर्ष होता. इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी यांनी तेच द्रव्य पुन्हा शुद्ध करून तपासलं, तर त्यात फॉस्फरस निघाला. निव्वळ प्रथिनात इतका फॉस्फरस यायचं कारण नव्हतं. तो आला होता आरएनएमधून. १९३६ च्या डिसेंबरात त्यांनी हे छापलं. आरएनएचं प्रमाण होतं सुमारे सहा टक्के, म्हणजे किरकोळ भेसळ म्हणून सोडून द्यावं इतकंच. १९५६ साली सिद्ध झालं की रोग पसरवण्याची सगळी ताकद त्या सहा टक्क्यांतच आहे. स्टॅन्ली यांना १९४६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात ते इतर दोघांसह वाटेकरी होते. ते मिळालं हे योग्यच झालं, असं मला वाटतं. त्यांचे स्फटिक खरे होते, त्यांचं वर्णन तेवढं अपुरं होतं.

उरलेल्या चौऱ्याण्णव टक्के प्रथिनाची करामतही कमी नाही. एकाच साच्याचे २,१३० तुकडे आरएनएभोवती गोल जिन्यासारखे रचले जातात. १९५५ साली हे प्रथिन आणि आरएनए वेगवेगळे करून परीक्षानळीत पुन्हा एकत्र केले, तर विषाणू आपोआप जुळून आला, आणि त्याने रोगही पसरवला!

आता आपल्याकडे येऊ. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत करोनाच्या स्पाइक प्रथिनात ई४८४क्यू आणि एल४५२आर असे दोन बदल एकत्र सापडलेत. वर्तमानपत्रांत ‘डबल म्युटंट’ झळकला. बदल दोनच नव्हते, कितीतरी अधिक होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पी६८१आर या तिसऱ्या महत्त्वाच्या बदलाकडे लक्ष वेधलं. आणि खरी कलाटणी पुढेच होती. देशभर ज्याने कहर केला, त्या डेल्टामध्ये त्या गाजलेल्या जोडीतला ई४८४क्यू नव्हताच. तो होता डेल्टाच्या भावंडात, कप्पामध्ये. त्या मार्चमध्ये कुणी घाईने विश्वकोशात नोंद केली असती, तर मे संपायच्या आत ती खोडावी लागली असती.

त्याच वर्षी ४ डिसेंबरला राज्यातला पहिला ओमायक्रॉनबाधित जाहीर झाला, तो कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतला. ओमायक्रॉन हे नाव ठेवून तेव्हा आठच दिवस झाले होते. स्पाइक प्रथिनात १,२७३ अमिनो आम्लं असतात, आणि ओमायक्रॉनमध्ये त्यातल्या तीसहून अधिक जागी फेरफार होते. त्यातला एक फेरफार तर चाचणीलाच चकवणारा होता. स्पाइकच्या जनुकातला एक छोटा तुकडा गळल्यामुळे काही आरटी-पीसीआर किटमध्ये तीन खुणांपैकी दोनच उमटत. न उमटलेली तिसरी खूणच शास्त्रज्ञांना सांगायची, ‘हा वेगळा दिसतोय, जिनोम सिक्वेन्सिंगला पाठवा.’

आपल्या विद्यार्थिनीच्या नोंदीचं शेवटचं वाक्य बहुधा असेल, ‘विषाणूंची प्रथिने मानवाला घातक असतात.’ तपासणाऱ्याने इथे समासात एकच शब्द लिहावा : सिन्सिटिन. फार फार पूर्वी एका विषाणूचं आवरणाचं जनुक आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात शिरलं आणि तिथेच राहिलं. त्यापासून बनणारं हे प्रथिन आज गर्भवतीच्या वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळून एकसंध थर घडवतं आणि त्या थरातून बाळाला पोषण मिळतं. जे प्रथिन कधीकाळी पेशीत घुसायला वापरलं जात होतं, त्याच्याच जोरावर आपण सगळे जन्माला आलो आहोत.

मराठीत ही तपासणी नवी नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. विश्वकोशाच्या आताच्या ज्ञानमंडळांच्या नोंदींखाली समीक्षकाचंही नाव छापलेलं असतं. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर तर कोणीही वाचक समीक्षक होऊ शकतो. लेखाच्या माथ्यावरच्या ‘चर्चा’ पानावर शंका लिहावी, पुरावा नसलेल्या वाक्याला ‘संदर्भ हवा’ची खूण लावावी.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या जीवशास्त्राच्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती. यंदाच्या प्रकल्पासाठी एका विषाणू-प्रथिनावरची मराठी नोंद निवडा. अर्ध्या वर्गाला ती लिहू द्या, अर्ध्याला तपासू द्या, आणि गुण देताना तपासणाऱ्यांना लिहिणाऱ्यांइतकेच द्या.