पाकीट कुणाच्या पर्समध्ये?

लेकीच्या घरी जाऊन राहणं आमच्या पिढीला तसं जडच जातं. माझ्या सासूबाई तर लेकीकडे पाणीसुद्धा पीत नसत. आम्ही काही इतके कडक नाही. पण २०२३च्या मे महिन्यात लेक-जावयाकडे इटलीत मिलानला गेलो, तर व्हिसापासून विमानापर्यंत सगळा खर्च त्या दोघांचा. ह्यांच्या पाकिटात पेन्शनमधले, रत्नागिरीहून निघताना बदलून घेतलेले शंभर युरो होते. तीन आठवडे झाले तरी ते तसेच. दूध आणायला निघालो तरी जावई आधी कार्ड पुढे करणार! हे दिवसेंदिवस गप्प होत चालले. जेवताना दुसऱ्यांदा भात मागेनात. बायकोला कळतंच ते.

एका संध्याकाळी मीच म्हटलं, "उद्या आपण दोघंच कुठेतरी जाऊ. आपल्या पैशांनी." लेक म्हणाली, "जेनोआला जा. बंदर आहे, बाबांना बरं वाटेल." तिनं कार्ड पुढे केलं, ते मी तिच्याच हातात परत ठेवलं.

तिकडे वेगवान गाडीचं तिकीट महाग आणि साध्या पॅसेंजरचं बरंच स्वस्त. वेळ मात्र पावणेदोन-दोन तास लागतो. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड. दोघांच्या येण्याजाण्यातच निम्म्याहून जास्त पैसे गेले, हातात उरले बेचाळीस युरो. ह्यांचा गुणाकार लगेच सुरू, एका युरोचे नव्वद रुपये. मी म्हटलं, "अहो, आणखी एकदा नव्वदनं गुणलंत तर मी पुढच्या स्टेशनावर उतरेन."

पाव्हियाच्या आसपास मात्र हे खिडकीला चिकटले. दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली भातखाचरं! इटलीत एवढं भात पिकतं हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? मग डोंगर, बोगद्यामागून बोगदे, अगदी आपल्या कोकण रेल्वेसारखे. आणि शेवटी समुद्र.

स्टेशनाबाहेर कोलंबसाचा पुतळा आहे, तो याच गावचा. त्याच्याकडे बघत आधी न्याहारी उरकली. कॉफी उभ्यानं प्यायली तर एक भाव, टेबलाशी बसलात की दुसरा. आम्ही अर्थातच उभे! इथली माणसं ऑलिव्ह तेलानं माखलेला फोकाच्चा नावाचा चपटा पाव चक्क दुधाच्या कॉफीत बुडवून खातात. आपण चहात खारी बुडवतो तशी. ह्यांनी बुडवला आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसले.

मग नुसतं चालणं, त्याला पैसे लागत नाहीत. गारिबाल्दी रस्त्यावर दोन्ही बाजूंना जुन्या धनिकांचे वाडे आहेत. १५७६मध्ये तिथल्या सरकारनं अशा वाड्यांची यादीच केली होती. राज्याला परदेशी पाहुणा आला की चिठ्ठी टाकून ठरवायचं, कुणाच्या घरी उतरवायचा. तो बाहेरचा भपका बघताना माझ्या मनात आलं, चिठ्ठी निघाली की त्या घरच्या बाईच्या पोटात केवढा गोळा येत असेल! आज यातले बेचाळीस वाडे जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

वाड्यांच्या पलीकडे बंदराकडे उतरणाऱ्या गल्ल्या. इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात. वर दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, त्यात जीन्सही होत्या. लेकीनं सांगितलं होतं, 'जीन्स' हा शब्द याच शहराच्या फ्रेंच नावावरून आला. आणि 'डंगरी' आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून! दोन बंदरांची दोन जाडीभरडी कापडं, खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावरची.

बंदरावर मोठं मत्स्यालय आहे, १९९२पासूनचं. तिकिटाचा आकडा बघितला आणि न बोलता दोघंही वळलो. मासे बघायचे तर मिरकरवाडा आहे की! समोरच रंगीत भिंतींचा सान जॉर्जो वाडा. तो एकेकाळी तुरुंग होता. १२९८मध्ये जेनोआच्या कैदेत असताना मार्को पोलोनं आपला प्रवास पिसाच्या एका सहकैद्याला सांगून लिहवला, तो याच वाड्यात असं सांगतात. त्या पुस्तकात आपलं ठाणंही आहे.

दुपारी पोटात कावळे. खानावळीत बसलात तर नुसत्या बसण्याचेही वेगळे पैसे लावतात. म्हणून बंदरासमोरच्या जुन्या कमानींखाली गेलो. तिथे तळणीची दुकानं आहेत. कागदाच्या पुड्यात तळलेली माकूल आणि आपल्या मांदेलीच्या जातीची मासळी. शेजारी फारिनाता, म्हणजे बेसनाचं जाड धिरडंच म्हणा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढंच. पीठ काही तास भिजू द्यायचं आणि तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजायचं. म्हणे १२८४च्या लढाईनंतर वादळात जहाजावरचं पीठ, तेल आणि समुद्राचं पाणी एक झालं आणि खलाशांनी ते उन्हात वाळवून खाल्लं. खरंखोटं देव जाणे, पण मला तरी त्यात हिंग आणि मिरची कमी वाटली.

पुडे घेऊन बोटींसमोरच्या बाकावर बसलो. लेकीच्या दोन खोल्यांत तीन आठवड्यांत असं दोघांनाच बोलता आलं नव्हतं. बराच वेळ मासळी खाऊन झाल्यावर हे म्हणाले, "नोकरीला लागल्यापासून माझं बिल कुणी भरलं नव्हतं गं. फार लाजल्यासारखं होतं."

मी म्हटलं, "माझं तर आयुष्यभर दुसऱ्यांनीच भरलंय. आधी बाबांनी, मग तुम्ही. मला कसं वाटतं, कधी विचारलंत?"

भांडायचा इरादा नव्हता. पण निघून गेलं तोंडातून. हे समोरच्या बोटीकडे बघत राहिले. पुड्याचा कागद चार घड्या करून खिशात ठेवला. मग पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "उरलेला दिवस तू बघ."

मी बघितला. आधी सान लोरेन्झोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चर्चमध्ये गेलो. १९४१मध्ये आत पडलेला आणि न फुटलेला ब्रिटिश तोफगोळा तिथे अजून ठेवलाय. मग लिफ्टनं वरच्या सज्जावर जाऊन सगळं शहर आणि लांबवरचा सत्त्याहत्तर मीटर उंच दीपस्तंभ बघितला. आणखी एकेक कॉफी घेतली. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला एक युरो पडला, तोही न कुरकुरता दिला. (बायकांनो, कॉफी पिता तिथेच आधी उरकून घ्या, ते फुकट असतं.) शेवटी एका छोट्या दुकानातून इथल्या तुळशीच्या बहिणीच्या, म्हणजे बेझिलच्या, पानांची पेस्टो चटणी लेकीसाठी घेतली. ह्यांनी किंमत विचारली नाही. मान वळवून रस्त्याकडे बघत उभे राहिले, एवढं मात्र मी पाहिलं.

रात्री जावयानं ती चटणी भाताला लावून खाल्ली आणि ह्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. नऊ युरो उरले होते. पाकीट माझ्याच पर्समध्ये राहिलं. ह्यांनी मागितलं नाही आणि मीही दिलं नाही. सकाळी दुधाला निघाले तेव्हा जावयानं कार्ड काढलं. "राहू दे रे," मी म्हटलं आणि जिना उतरले.