टर्न-बेस्ड लढाई गोष्टीला अडवते का?

‘टर्न-बेस्ड लढाई जुनी झाली, तिच्यामुळे गोष्ट अडते’ विरुद्ध ‘तोच तर जपानी रोल-प्लेइंग गेमचा जीव’. गेमर मंडळींचा हा वाद संपत नाही. यावर संशोधन करायचं तर बाजू घेऊन भागत नाही; आधी शब्द तपासावे लागतात. (पुढे कथानकं उघड केली आहेत.)

पहिला शब्द ‘टर्न-बेस्ड’. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये (१९८६) तुम्ही मेनूतून आज्ञा निवडेपर्यंत शत्रू थांबतो. ‘फायनल फँटसी ४’मध्ये (१९९१) वेळ चालूच असते, विचार करत बसलात तर शत्रू वार करून मोकळा! ‘फायनल फँटसी १०’मध्ये (२००१) वेळ पुन्हा थांबते, वर पुढची पाळी कुणाची तेही पडद्यावर दिसतं. या तिघांना एकाच खणात टाकलं तर निष्कर्ष कशाबद्दल आहे हेच कळणार नाही.

दुसरा शब्द ‘गोष्ट’. ‘फायनल फँटसी ७’मध्ये (१९९७) एरिथ कटसीनमध्ये मरते ती कायमची. लढाईत पडलेला साथीदार मात्र ‘फीनिक्स डाउन’ वापरला की उठतो. म्हणजे नियम एक सांगतात, कथा दुसरंच. अशा विसंगतीला क्लिंट हॉकिंग यांनी २००७ साली ‘बायोशॉक’वर लिहिताना ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ म्हटलं.

उलट उदाहरणही आहे. ‘फायनल फँटसी ४’मध्ये सेसिलसमोर त्याचंच जुनं, काळ्या योद्ध्याचं रूप उभं राहतं. हल्ला करत राहून ही लढाई जिंकता येत नाही. वार सोसत थांबावं लागतं. ‘हल्ला’ ही आज्ञा समोर असून न निवडणं, हाच त्याचा पश्चात्ताप. इथे मेनूच गोष्ट सांगतो.

आता तुलना. १९९७चा गेम आणि २०२०चा ‘रीमेक’ शेजारी ठेवायचा मोह होतो. पण रीमेकमध्ये लढाईसोबत कथा, चित्रण, आवाज सगळंच बदललंय. मग फरक नक्की कशामुळे पडला? त्यापेक्षा रीमेकच्या आतच बघा. त्यातल्या ‘क्लासिक’ मोडमध्ये पात्रं आपणहून लढतात, खेळाडू मुख्यतः आज्ञा निवडतो. कथा तीच, लढण्याची पद्धत वेगळी. अवघडपणाची पातळी तेवढी दोन्हीकडे सारखी ठेवा. अर्थात, हा मोडही ‘ड्रॅगन क्वेस्ट’सारखा टर्न-बेस्ड नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहावं लागेल.

म्हणून प्रश्न ‘टर्न-बेस्ड चांगलं की वाईट?’ असा नको. ‘या गेममध्ये आज्ञा निवडण्याची कृती पात्राबद्दल काय सांगते?’ असा विचारा. याचं उत्तर पुराव्यानिशी देता येतं, आणि चुकलं तर खोडताही येतं.