वेरंजेच्या घोड्यांचे देणे

२५ डिसेंबर १९५४ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते देहूरोड येथे भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ उपासक-उपासिका दरवर्षी तेथे जमतात. नेमक्या त्याच दिवशी, त्याच लोहमार्गावरील लोणावळा आणि त्याला लागून असलेले कुसगाव नाताळच्या सुटीसाठी आलेल्या पाहुण्यांनी गजबजलेले असते. सणासुदीला आप्तांना भेटवस्तू देण्याची चाल आता आपल्या घरांतही रुजली आहे. तेव्हा भेट कोणती द्यावी, हा प्रश्न धम्माच्या दृष्टीने तपासावयास हरकत नसावी.

इंग्लंडात रेडविंग्ज नावाची, १९८४ साली स्थापन झालेली, सोडवून आणलेल्या घोड्यांचा सांभाळ करणारी संस्था आहे. वस्तू न देता, आप्ताच्या नावे तेथील एखाद्या घोड्याच्या पोषणाचा वाटा उचलता येतो. घोडा तेथेच राहतो. आप्ताकडे त्याचे छायाचित्र व माहिती जाते. आपल्याकडे ॲनिमल राहत ही संस्था २००३ पासून सांगली-सोलापूर भागात राबणारे बैल, घोडे व गाढवे यांच्यासाठी काम करीत आहे.

या कल्पनेत परकीय असे काही आम्हांस वाटत नाही. विनयपिटकाच्या आरंभीच वेरंजेची कथा आहे. वेरंज ब्राह्मणाने तथागतांना वर्षावासाचे निमंत्रण दिले आणि गृहकृत्यांत गुंतून तो ते विसरला. गावात दुष्काळ होता, भिक्षा मिळेना. तेव्हा पावसामुळे तेथे थांबलेल्या, पाचशे घोडे घेऊन आलेल्या उत्तरापथाच्या अश्वव्यापाऱ्यांनी प्रत्येक भिक्खूस एकेक पत्थ धान्य देऊ केले. अट्ठकथेनुसार हा घोड्यांचा खुराक होता. भिक्खूंनी तो उखळात कांडून खाल्ला. आनंदाने तथागतांसाठी तो दगडावर वाटला. संघाचा तो वर्षावास घोड्यांच्या दाण्यावर निभावला, ही गोष्ट आपल्या प्रवचनांत फारशी येत नाही.

मात्र हे देणे फेडावयाचे ते उपासकांनी. दीघनिकायातील शीलवर्णनानुसार भिक्खूस हत्ती, गाई, घोडे, घोड्या स्वीकारता येत नाहीत; म्हणून घोडा विहारास देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय अंगुत्तरनिकायात उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा व्यापार येतो. कणवेपोटी घोडा विकत घेतला, तरी त्याच पैशातून विकणारा दुसरा घोडा आणू शकतो. म्हणून विकत घेण्यापेक्षा, सुटलेल्या घोड्याचे पोषण करणे आम्हांस अधिक योग्य वाटते. सणाचा आणि घोड्याचा संबंध तर सम्राट अशोकानेच जोडला आहे : पाचव्या स्तंभलेखात तिष्य व पुनर्वसू नक्षत्रांच्या आणि चातुर्मासीच्या दिवशी घोड्याबैलांना डाग देण्यास त्याने मनाई केली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, आम्हांला होता. २०१८ साली उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात एका दलित वराला घोड्यावरून वरात नेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि ती पोलीस बंदोबस्तात निघाली. ज्यांना घोड्यावर बसू दिले जात नाही, त्यांनीच आता घोड्याचा चारा पुरवावा काय? आमचे उत्तर असे की, माणसाला तुडवून जनावराची पूजा करणारी भूतदया आणि मैत्री या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मैत्रीची व्याप्ती मनुष्यमात्राच्या पलीकडे, सर्व प्राणिमात्रांपर्यंत नेली आहे. त्या मैत्रीत घोडेवालाही आलाच. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हा घोड्यांबरोबर त्या गाड्यांवर पोट असणाऱ्यांच्या पुनर्वसनाचाही विचार करण्यास शासनास सांगितले. घोड्याला सोडवून त्याच्या गरीब मालकाला उपाशी ठेवणाऱ्या संस्थेस आम्ही दान देणार नाही.

दान देण्यापूर्वी चौकशी करावी. तीनशे किलो वजनाच्या देशी तट्टाला रोज पाच-सहा किलो वाळली वैरण व वीस-तीस लिटर पाणी लागते. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात. दाणा एकदम जास्त झाला तर पोटशूळ उठून जनावर दगावते. तेव्हा सणाच्या दिवशी जाऊन पोळ्या, लाडू चारणे हे दान नव्हे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा चार कुटुंबांनी मिळून वर्षभर दरमहा थोडे द्यावे, हे बरे. एखाद्याला सबंध घोड्याचा भार झेपत नसेल तर त्यात कमीपणा नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी एकेक स्तंभ दिला, सोपाऱ्याच्या एका भाणकाने एक दिला, गांधिकाचे व सुताराचे नाव दाराशी आहे. सारे लेणे पुरे केल्याचे श्रेय वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने आपल्या लेखात घेतले, ते वेगळे.

कुसगावला आलेल्यांस कार्ले जवळच आहे. ज्याच्या नावे भेट द्यावयाची त्याला तेथे घेऊन जावे. स्तंभांच्या माथ्यावर दालनाच्या बाजूस हत्ती आहेत. ते सर्वांना दिसतात. घोडे मागच्या बाजूस, प्रदक्षिणापथाकडे कोरले आहेत, आणि ते पाहावयास स्तंभांच्या मागून चालत जावे लागते.